गिअरबॉक्स गेला म्हणण्याआधी शाफ्ट बघा : जुन्या जेसीबीपायी गावचा पैसा कुठे बुडतोय?

मार्च लागला की आपल्या जिल्ह्यात जेसीबीला उसंत नसते. तलावातला गाळ, शेततळं, पाणंद रस्ता, विहिरीचा मलबा, पाईपलाईनची चारी, घराचा पाया. पावसाळा सुरू व्हायच्या आत सगळ्यांना सगळं उरकायचं असतं. आणि नेमक्या याच दिवसांत सांगोला असो, मंगळवेढा असो की करमाळा, गॅरेजच्या रांगेत दोन-चार पिवळ्या गाड्या पोट उघडून उभ्या दिसतात. मालक शेजारी बाकड्यावर बसलेला, मोबाईल कानाला. पलीकडून गाळवाला ओरडतोय, "गाडी कधी येणार?"

काय झालं विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, "गिअरबॉक्स गेला."

या बातमीसाठी फिरताना आम्ही पुढचा प्रश्न विचारायला लागलो. गेला हे कशावरून ठरलं? तेल बघितलं का? प्रेशर मोजलं का? शाफ्ट फिरतोय की थांबलाय हे कोणी बघितलं? यावर बऱ्याच ठिकाणी शांतता होती. एक मिस्त्री सरळ म्हणाले, "आवो, खोलल्याशिवाय कसं कळणार?" खरी अडचण इथेच आहे. खोलल्याशिवाय पुष्कळ कळतं. पण ते कळून घ्यायला अर्धा दिवस लागतो, आणि सीझनमध्ये अर्धा दिवस कोणाला नसतो.

आधी हे बघू की जुन्या गाड्या गावात इतक्या वाढल्या कशा.

आपल्याकडे बॅकहो लोडर कोणत्याही कंपनीचा असो, त्याला जेसीबीच म्हणतात. १९७९ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडला या कंपनीचं काम सुरू झालं आणि नंतर ते नावच मशीनला चिकटलं. जलयुक्त शिवार, २०१७ ची गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना, मागेल त्याला शेततळे, २०२१ ची मातोश्री पाणंद रस्ते योजना, अशी एकामागून एक मातीकामं निघत गेली आणि गावातल्या पोरांना वाटलं, ट्रॅक्टरपेक्षा हा धंदा बरा. काहींचं चांगलं झालंही.

मग धुराचे नियम बदलले. १ एप्रिल २०२१ पासून या मशीनना चौथ्या टप्प्याची इंजिनं आली आणि जानेवारी २०२५ पासून पाचव्या टप्प्याचे नियम लागू झाले. नियम चुकीचे आहेत असं कोणी म्हणणार नाही, धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. पण इंजिन इलेक्ट्रॉनिक झालं, किंमत चढली, नवी गाडी तीस लाखांच्या पुढे गेली. गावच्या फिटरला लॅपटॉप लावल्याशिवाय त्यातलं फारसं काही करता येईना. त्यामुळे २०२१ च्या आधीच्या, साध्या पंपाच्या गाड्यांना भाव आला. शहरात, खडी क्रशरवर आठ-दहा वर्षं राबलेली गाडी रंग मारून तालुक्याला येते. घेणारा कोण? दोन एकर विकलेला, नाहीतर सोनं गहाण ठेवून उरलेल्याला फायनान्स घेतलेला पंचविशीतला पोरगा. जोखमीचा सगळ्यात मोठा वाटा ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसा आहे त्याच्या डोक्यावर आलाय, हा आमचा या सगळ्या प्रकरणावरचा मुख्य आक्षेप.

हिशोब साधा आहे. तासाला १२०० रुपये धरा आणि दिवसाला ८ तास, म्हणजे ९६०० रुपये. तासाला ५ लिटर डिझेल धरलं तर ४० लिटरचे साधारण ३६०० जातात. ऑपरेटरचे ८०० धरा. हातात राहिले ५२००, त्यातून हप्ता, विमा, टायर, ग्रीस, होजपाईप. गाडी दहा दिवस उभी राहिली तर ५२ हजार गेले, आणि दुरुस्तीचा खर्च वेगळा. हप्त्याची तारीख मात्र थांबत नाही. म्हणून "खोला आणि करून टाका" हे वाक्य मालकाच्या तोंडून लवकर निघतं.

एका मालकाचं उदाहरण देतो, नाव-गाव त्यांच्याच सांगण्यावरून देत नाही. गाडी जुनी, दुसऱ्या हाताची. दुपारनंतर रिव्हर्स घ्यायची बंद व्हायची. सकाळी ठणठणीत. मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेटा, सील, बेअरिंग सगळं बदललं. पावणेदोन लाख झाले आणि अकरा दिवस गेले. गाडी बसवली, चालवली, दुसऱ्या दिवशी दुपारी रिव्हर्स पुन्हा गायब. शेवटी दुसऱ्या तालुक्यातल्या एका वायरमनने केबिनच्या खाली वायरची लोंबलेली जुडी धरून हलवली आणि रिव्हर्स लागला. पत्र्याला घासून वायर आतून तुटत आली होती. गाडी तापली, हादरली की तिचा संपर्क जायचा. दुरुस्तीला दीड फूट वायर आणि एक कनेक्टर लागला.

हे समजायला ताकद कुठून कुठे जाते ते डोळ्यापुढे आणावं लागतं. ट्रॅक्टरसारखा पायाचा क्लच इथे नसतो. इंजिनच्या मागे टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलाच्या जोरावर ताकद पुढे देतो. दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला तर दुसरा वाऱ्याने फिरतो ना, तसंच, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. त्यामागे फॉरवर्ड-रिव्हर्सचे दोन क्लच पॅक. तुम्ही स्टेअरिंगजवळचा दांडा पुढे-मागे करता तेव्हा विजेने एक सोलेनॉईड उघडतो, तेलाचं प्रेशर त्या त्या पॅकमध्ये जातं आणि प्लेटा आवळतात. मग चार गिअरचा डबा, त्याच्या मागे प्रॉपेलर शाफ्ट, मागचा एक्सल, त्यात क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शिअल, दोन्ही बाजूला हाफ शाफ्ट आणि शेवटी चाकाच्या हबमधले छोटे गिअर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या मागच्या दोन चाकांवरच ओढतात, त्यामुळे पुढचा एक्सल या हिशोबात येत नाही.

आता या साखळीत वीज आहे, तेल आहे आणि लोखंड आहे. वीज बिघडली तर शेकड्यात खर्च, तेलाचं बिघडलं तर हजारात, लोखंड गेलं तर लाखात. तपासणी या क्रमाने व्हायला पाहिजे. गॅरेजमध्ये ती बऱ्याचदा उलटी, लोखंडापासून सुरू होते.

गाडी हलतच नाही असं झालं तर पहिली गोष्ट, गिअरच्या किंवा लोडरच्या दांड्यावरचं बटण बघा. ते दाबलं की चाकांची ताकद तुटते आणि इंजिनचा सगळा जोर हायड्रॉलिकला मिळतो, त्यासाठीच ते दिलेलं असतं. धुळीने, घामाने ते दाबलेलंच अडकतं, किंवा दांड्यातून येणारी त्याची वायर सतत वाकून तुटते नाहीतर शॉर्ट होते. दुसरं, बऱ्याच मॉडेलमध्ये हँडब्रेक ओढलेला असला की गाडी ताकद घेत नाही. त्या हँडब्रेकचं स्विच खराब झालं तर ब्रेक सोडूनही गाडीला तो लागलेलाच वाटतो. तिसरं फ्यूज. चौथं, सोलेनॉईडच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी आणि गंज. टेस्ट लॅम्प लावून फॉरवर्डला एका सोलेनॉईडला वीज येते का, रिव्हर्सला दुसऱ्याला येते का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात. काही जण दोन्ही सोलेनॉईडचे कनेक्टर अदलाबदल करून बघतात. फॉरवर्डचा दोष रिव्हर्सला गेला की वायरिंग खराब, असं त्याचं गणित. गणित बरोबर आहे, पण लक्षात ठेवा, तेव्हा दांडा पुढे केला की गाडी मागे जाते. मागे उभा असलेला माणूस गाडीखाली जाऊ शकतो. लॅम्प लावा, तो जुगार खेळू नका.

वीज बरोबर निघाली तर शाफ्ट बघायचा. आमच्या मते या सगळ्या तपासणीत ही सगळ्यात मोलाची. पैसे शून्य. सपाट मोकळं मैदान घ्या. शाफ्टवर खडूने एक पांढरी रेघ ओढा, अर्थातच इंजिन बंद करून, चावी खिशात घालून. मग बाजूला, चाकापासून लांब उभं राहून मोबाईलचा कॅमेरा झूम करून शाफ्टवर धरा आणि ऑपरेटरला हळूच फॉरवर्ड घ्यायला सांगा. गाडीखाली कोणी जायचं नाही, पुढे-मागे कोणी थांबायचं नाही.

शाफ्ट फिरतोय आणि गाडी जागची हलत नाही, तर गिअरबॉक्स काम करतोय, दोष मागच्या एक्सलमध्ये आहे. बहुतेक वेळा एका बाजूचा हाफ शाफ्ट तुटलेला निघतो. डिफरन्शिअलचा स्वभावच असा की एका बाजूला अडथळा नसला तर सगळी फिरकी तिकडेच जाते, म्हणून एक शाफ्ट तुटला तरी दोन्ही चाकं मेल्यासारखी होतात. शाफ्ट फिरतच नसेल तर दोष त्याच्या पुढे आहे, कन्व्हर्टर, पंप, क्लच पॅक किंवा गिअर यांच्यात. एवढ्या एका व्हिडिओने अर्धी गाडी संशयातून सुटते. हाफ शाफ्ट तुटलेला असताना गिअरबॉक्स उतरवल्याची दोन उदाहरणं आम्हाला याच फिरतीत ऐकायला मिळाली.

गाडी हलते पण ओढत नाही, हा दुसरा प्रकार, आणि फसगत इथेच जास्त. इथे डोळ्यापेक्षा कान कामाला येतो. बकेट मातीत घाला आणि ऐका. इंजिनचा आवाज चढतोय, आरपीएम वाढतोय, पण गाडी ढकलत नाही, तर कुठेतरी स्लिप होतंय. उलट इंजिनचा आवाज दबतोय, काळा धूर येतोय, गाडी गुदमरते, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी इंजिन बघा. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेलच्या टाकीतला गाळ. किंवा ब्रेक धरून राहिलेत का ते बघा. मागच्या एक्सलमधले ब्रेक तेलात बुडालेले असतात, ते सुटले नाहीत तर बाहेर काही दिसत नाही, फक्त एक्सल तापतो आणि गाडी जड चालते. अर्धा तास चालवून उतरा आणि दोन्ही बाजूंच्या हबला हाताची पाठ हळूच लावून बघा. एक कोमट आणि दुसरा हात ठेववत नाही इतका गरम, तर त्या बाजूचा ब्रेक किंवा बेअरिंग.

स्लिप आहे हे ठरलं, मग प्रश्न विचारा की कधी आणि कुठल्या बाजूला. फक्त रिव्हर्सला स्लिप होते आणि फॉरवर्ड मजबूत आहे, तर पंप आणि कन्व्हर्टर बहुतेक बरे आहेत, कारण ते दोन्हीकडे तेच काम करतात. दोष रिव्हर्सच्या पॅकचा, त्याच्या सीलचा किंवा त्या बाजूच्या सोलेनॉईडचा. दोन्हीकडे सारखीच स्लिप आहे तर उलटा विचार करा. दोन्ही पॅक एकाच दिवशी जळत नाहीत. तेल कमी आहे, जाळी तुंबलीय, पंप झिजलाय, नाहीतर प्रेशर व्हॉल्व्ह अडकलाय. सकाळी चांगली आणि तापल्यावर ढिली पडते, तर सील कडक झालेत किंवा पंप झिजलाय. थंड तेल जाड असतं, झिजलेल्या फटीतही प्रेशर धरतं, तापून पातळ झालं की निसटतं. पण वर सांगितलेली वायरची गोष्ट विसरू नका, तीही तापल्यावरच बंद पडायची. फरक एवढाच की सील गेलेली गाडी हळूहळू ढिली पडते आणि वायर गेलेली गाडी एकदम सोडते. ऑपरेटरला नीट विचारलं तर तो हा फरक बरोबर सांगतो.

ऑपरेटरचा विषय निघालाच आहे तर बोलून घेऊ. बऱ्याच गाड्यांवर आज बिहार, झारखंडची पोरं आहेत. दिवसाचे दहा तास ती त्या सीटवर असतात, गाडीचा बदललेला आवाज सगळ्यात आधी त्यांना कळतो. पण गाडी बिघडली की मालक मिस्त्रीला विचारतो, मिस्त्री मालकाला सांगतो, आणि ज्याने बिघाड होताना ऐकला तो बाजूला तंबाखू मळत बसलेला असतो. मोडकं-तोडकं हिंदी आपल्या सगळ्यांना येतं. कधीपासून, कुठल्या गिअरला, चढाला की सपाटीला, गरम झाल्यावर की आधीपासून, हे चार प्रश्न त्याला विचारायला हरकत काय? दुसरी बाजूही आहे. फुल रेसवर, गाडी पुढे जात असतानाच दांडा मागे मारायची सवय अनेकांना असते. काम उरकतं, बघणाऱ्यालाही भारी वाटतं, पण क्लच पॅक जळण्याचं ते मोठं कारण आहे. तासावर काम असतं तेव्हा हे थांबवायचं कोणी? मालकच ना?

आता तेल. गिअरबॉक्सची दांडी काढा आणि तेल पांढऱ्या कागदावर टाका. पातळी इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे मॉडेलनुसार बदलतं, ते गाडीच्या पुस्तकात किंवा स्टिकरवर असतं. चुकीच्या पद्धतीने बघून लोक तेल जास्त भरतात, मग ते फेसाळतं आणि फेसाला प्रेशर नसतं. कागदावरचं तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. एकतर तलावात पाण्यात उभी राहून काम केलंय, नाहीतर तेल थंड करायचा कूलर आतून फुटून रेडिएटरचं पाणी तेलात मिसळतंय. कूलर न बदलता नुसता गिअरबॉक्स केला तर दोन महिन्यांत पुन्हा तेच. जळका वास आणि काळी चिकट राड असेल तर क्लच प्लेटा जळल्यात. पिवळे, पितळेसारखे कण दिसले तर गिअर बदलताना काम करणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजल्यात. चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. बारीक करडी पेस्ट थोडी असतेच, तिला घाबरू नका, पण नखाएवढा तुकडा निघाला तर गाडी एक तासही चालवू नका.

तेल कुठलं टाकलंय हेही विचारायला पाहिजे. स्वस्तात मिळतं म्हणून हायड्रॉलिकचं तेल गिअरबॉक्समध्ये, आणि ट्रॅक्टरचं साधं नव्वद नंबर मागच्या एक्सलमध्ये, असं सर्रास चालतं. एक्सलमध्ये ब्रेकही त्याच तेलात असल्यामुळे तिथे ब्रेकला चालणारं खास तेल लागतं. साध्या तेलावर ब्रेक दाबला की गुरगुर आवाज येतो, गाडी थरथरते. मग "क्राऊन गेला" म्हणून एक्सल उघडला जातो. डब्यामागे काही शे रुपये वाचवून हा उद्योग.

माळशिरसकडच्या उसाच्या पट्ट्यात आणखी एक बघायला मिळालं. रेडिएटरच्या आणि कूलरच्या जाळीत पाचटाचा भुसा बसतो. हवा जात नाही, गिअरबॉक्सचं तेल तापतं, पातळ होतं, गाडी स्लिप होते. जाळी उलट्या बाजूने हवा मारून साफ केली की गाडी सरळ. हे रोजचं काम आहे, पण रोज कोण करतो?

आवाजावरून ओळखायचं म्हटलं तर तीन गोष्टी धरा. दांडा पुढे-मागे करताना खाडकन आवाज येतो, तर शाफ्टचे क्रॉस किंवा ढिले बोल्ट. इंजिन बंद, चाकांना दगड लावलेले, बकेट खाली टेकवलेली, अशा वेळी शाफ्ट हाताने हलवून बघा, क्रॉसमध्ये खेळ हाताला लगेच कळतो. हा स्वस्तातला भाग आहे, पण तुटून सुटला तर तेलाची टाकी आणि पाईप फोडतो. वळताना कटकट येते आणि सरळ चालताना येत नाही, तर डिफरन्शिअलचे छोटे गिअर. रस्त्यावर वेगात घोंगावणारा आवाज येतो आणि रेस सोडली की त्याचा सूर बदलतो, तर क्राऊन-पिनियन. एका गिअरलाच आवाज येतो आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा मात्र गिअरबॉक्सवर संशय घ्यायला कारण आहे.

मोठ्या खर्चाच्या आधीची शेवटची पायरी म्हणजे प्रेशर मोजणं आणि स्टॉल टेस्ट. गिअरबॉक्सवर प्रेशर घड्याळ लावायला जागा दिलेली असते. किती प्रेशर पाहिजे ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, ते पुस्तकातूनच घ्यायचं, ऐकीव आकड्यावर जायचं नाही. स्टॉल टेस्टमध्ये तेल गरम करून, ब्रेक पक्का दाबून, पुस्तकात सांगितलेल्या गिअरला फुल रेस देतात आणि इंजिन किती आरपीएमवर अडतं ते बघतात. ठरलेल्यापेक्षा जास्त फिरलं तर स्लिप आहे. कमी फिरलं तर इंजिन कमजोर किंवा कन्व्हर्टरच्या आतला एकेरी क्लच गेलाय. दहा सेकंदांच्या आत उरकायचं, नाहीतर तेल उकळतं, आणि लगेच परत करायचं नाही. ब्रेकचा भरवसा नसलेल्या गाडीवर ही टेस्ट करायचीच नाही, ती समोरची भिंत पाडून थांबेल. हे काम जाणकारानेच करावं. पण करायला सांगणं मालकाच्या हातात आहे. "प्रेशर किती आलं?" एवढं विचारा. आकडा मिळाला तर मिस्त्रींनी मोजलंय. "कमीच आहे बघा" असं उत्तर आलं तर मोजलेलं नाही.

मिस्त्री लोकांवर आमचा राग नाही. रात्री दोन वाजता शेतात येऊन, बॅटरीच्या उजेडात होजपाईप बदलणारी हीच माणसं आहेत, कंपनीची सर्व्हिस गाडी तेव्हा येत नाही. त्यांची अडचण पैशाच्या रचनेत आहे. गिअरबॉक्स उतरवण्याचे पैसे मिळतात, तीन तास तपासून "एक वायर होती" म्हटलं तर मालक चहा पाजतो आणि दोनशे रुपये देतो. मग तपासणार कोण आणि कशासाठी? तपासणीची वेगळी मजुरी ठरवा. हजार-दोन हजार रुपये फक्त दोष शोधण्याचे, मग तो वायरीत निघो नाहीतर क्राऊनमध्ये. करमाळ्याकडच्या एका मालकाने गेल्या सीझनपासून हे सुरू केलंय. ते म्हणतात, "आता मिस्त्री आधी लॅम्प काढतो, मग पाना."

जे जुनी गाडी घ्यायला निघालेत त्यांच्यासाठी वेगळं सांगायला पाहिजे. ट्रॅक्टर घेताना आपण थंड गाडी पहिल्या सेल्फला चालू होते का बघतो, इंजिनसाठी ते बरोबर आहे. पण ताकदीची बाजू थंड गाडीत कळतच नाही. विकणारा अंगणात पाच मिनिटं पुढे-मागे करून दाखवतो, तेव्हा सगळंच गोड असतं. दोन तास खऱ्या मातीत काम करून घ्या, डिझेल तुमचं टाका. मग चढावर थांबवून फॉरवर्ड घ्या, रिव्हर्स घ्या. चारही गिअर रस्त्यावर चालवा. उतरून हबला हात लावा. तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका, तो बदलता येतो. पेडलचं रबर, दांड्यांचा खेळ, बकेटच्या पिना जास्त खरं बोलतात. गिअरबॉक्समध्ये कालच टाकल्यासारखं लालभडक नवं तेल असेल तर खूश होऊ नका, जुनं का काढलं ते विचारा. आणि ताजा रंग गिअरबॉक्सच्या बोल्टवर चढलेला असेल पण बोल्टच्या कडांवर पान्याच्या खुणा असतील, तर ती गाडी अलीकडेच उघडली गेलीय. बिल मागा. बिल नसेल तर किंमत पाडा किंवा घरी या.

फायनान्सवाले गाडीचं मूल्यांकन करतात म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ते मूल्यांकन त्यांच्या कर्जासाठी असतं. गाडी किती सालची, कागद कसे, बाजारात विकली तर किती येतील, एवढं त्यांना पुरतं. तापल्यावर रिव्हर्स सोडते का, हे त्यात लिहिलेलं नसतं. तालुक्यातला चांगला मिस्त्री एका दिवसाच्या मजुरीवर सोबत नेला तर हे काम होतं, दहा-बारा लाखांच्या व्यवहारात तो खर्च काहीच नाही.

सरकारी पातळीवर गाळाच्या, पाणंदच्या कामांचे आदेश बऱ्याचदा उन्हाळ्याच्या तोंडावर हलतात, त्यामुळे सगळ्या गाड्या एकाच वेळी पळतात आणि एकाच वेळी बसतात. दिवाळीनंतर जमीन वाफशावर असते, गाड्या रिकाम्या असतात, मिस्त्रींना वेळ असतो. पाणंद रस्त्यांची कामं तेव्हाच सुरू झाली तर गाडीमालकांचा ताण हलका होईल आणि कामही बरं होईल. गाळाचं तसं नाही, तलाव आटल्याशिवाय तो निघत नाही. पण गाळाला उतरायच्या आधी, जानेवारीतच, तेल, जाळी, क्रॉस, वायरिंग एवढं बघून घेतलं तर एप्रिलमध्ये तलावाच्या मधोमध गाडी बसायची वेळ टळते. तिथून ती ओढून काढायला दुसरी जेसीबी लागते आणि तिचं भाडंही तासावरच असतं.